फराळाच्या दिवसांनंतर: रसम, गुरगुट्या भात आणि ताकातले पदार्थ

प्रश्न कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या एका ताईंचा आहे. भाऊबीज झाली, घरात सासू-सासरे धरून सहा माणसं. चकल्या, करंज्या आणि बेसनाचे लाडू खाऊन सगळ्यांची तोंडं विटली आहेत आणि सासूबाईंना आंबट ढेकरा येतात. पाहुण्यांची जेवणं झाली की बहुतेक घरांत तांबडा-पांढरा शिजतो, पण यांच्याकडं चातुर्मास पाळतात. त्यामुळं कार्तिकी एकादशीपर्यंत मांसाहार तर नाहीच, कांदा-लसूणही बंद. मुलांना साउथ इंडियन हवंय, आणि ते घरीच, कमी तेलात, रोज करता येईल असं काय करावं, असं त्या विचारतात.

ताई, आधी एक सांगते. इडली-डोशाचं पीठ भिजवायची घाई करू नका. दक्षिणेतल्या घरांत सणानंतर पोटाला विसावा देतो तो भात. मऊ शिजवलेला भात, त्यावर पातळ रसम, शेवटी दही किंवा ताक. इडली-डोसा-सांबार ही आपण हॉटेलात पाहिलेली दक्षिण. माझं माहेर धारवाडचं, लग्नानंतरची बरीच वर्षं तमिळनाडूत गेली आणि आता राजारामपुरीत डबे देते. या तिन्ही ठिकाणी सणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरातली थोरली बाई भाताचं मोठं पातेलंच चढवताना मी पाहिली आहे. केरळात तर तांदळाची पेज आणि मुगाची उसळ, कंजी-पयर, एवढ्यावरच जेवण होतं.

यामागचं कारण साधं आहे. तळणातलं तेल-तूप पोटातून पुढं सरकायला वेळ लागतो. त्यात आपला फराळ म्हणजे बेसन, मैदा, साखर आणि तेल यांचीच फिरवाफिरव. म्हणून आता ताटात पाणी जास्त, तेल फोडणीपुरतं आणि डाळ हलकी हवी. मिरे, जिरे, हिंग, आलं एवढ्यावर चव उभी राहते. कांदा-लसूण नसल्याची अडचण तर मुळीच येणार नाही, कारण दक्षिणेतल्या कित्येक घरांचा रोजचा स्वयंपाक त्याशिवायच चालतो. तिथं हिंग मोकळ्या हातानं घालतात. आपण चिमटीभर घालतो, तिथं पाव चमचा जातो.

आता रसम. इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण रसम जमलं की निम्मं काम झालं आणि आपल्याकडं बहुतेकांचं रसम एकाच जागी बिघडतं. आपण ते आमटीसारखं खळाखळा उकळतो.

सहा माणसांसाठी छोट्या लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजवून दोन कप कोळ काढा. दिवाळीत बाजारात असते ती गेल्या हंगामातली चिंच, नवी चिंच माघ-फाल्गुनात येते. जुनी चिंच काळसर असते, रसमाचा रंगही गडद येतो. त्यानं घाबरू नका, फक्त चव घेत घेत घाला. कोळात दोन पिकलेले टोमॅटो हातानं कुस्करून टाका. हळद, मीठ, पाव चमचा हिंग आणि कढीपत्त्याच्या दोन काड्या देठासकट घालून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवा. चिंचेचा कच्चा वास गेला पाहिजे, हा टप्पा कमी करायचा नाही. तोवर एक चमचा मिरे आणि दीड चमचा जिरे खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सरमध्ये पीठ करू नका, मग मिऱ्याचा नुसता ठसका उरतो आणि वास जातो.

अर्धी वाटी तूरडाळ गळेपर्यंत शिजवून, घोटून, तिच्यात तीन-साडेतीन कप पाणी घालून ठेवलेलं असू द्या. पुरणपोळीच्या दिवशी आपण कटाच्या आमटीसाठी जो कट काढतो, तेवढं पातळ. आता कुटलेले मिरे-जिरे आणि हे डाळीचं पाणी चिंचेच्या रसात ओता आणि गॅस बारीक करा. इथून पातेल्यापाशी उभं राहायचं. थोड्या वेळानं कडेनं फेस धरायला लागेल, मग तो मध्याकडं सरकत वर चढेल. मध्यभागी उकळी फुटायच्या आत गॅस बंद. मूठभर कोथिंबीर देठांसह चिरून टाका आणि झाकण ठेवा. चमचाभर तुपात मोहरी, एक सुकी मिरची, कढीपत्ता अशी फोडणी वरून. मिऱ्या-जिऱ्याचा वास उडून जाणारा असतो. मसाला घातल्यावर उकळत ठेवलं की तो वाफेबरोबर सगळ्या घरात पसरतो आणि वाटीत मात्र आंबट पाणी उरतं.

दहा मिनिटांनी डाळ खाली बसते. वरचं निवळ पाणी वाटीतून प्यायला घ्या, तळातलं दाट भातावर. गुळाचा बारीक खडा घातला तर कर्नाटकी चव येते, तमिळ घरांत बहुधा घालत नाहीत. मी डब्यांना घालते, इथल्या जिभेला तो बरा वाटतो.

तिखटाबद्दल एक विनंती आहे. आपला हात चटणीच्या डब्याकडं आपोआप जातो आणि मसाल्याशिवाय जेवण फिकं वाटतं. कांदा-लसूण चटणी तर तुमच्याकडं सध्या बंदच आहे. पण संकेश्वरी मिरचीची पूडही या चार दिवसांत रसमात टाकू नका. लाल मिरची पोर्तुगिजांबरोबर आपल्या देशात आली, त्याआधी दक्षिणेतल्या जेवणाचा तिखटपणा मिऱ्याचाच होता आणि रसमात तो अजून टिकून आहे. रंग हवाच असेल तर फोडणीत एक ब्याडगी टाका. एकादशीनंतर लसूण सुरू झाला की याच रसमात आठ-दहा पाकळ्या ठेचून तुपात परतून घाला. त्याला तमिळमध्ये पूंडु रसम म्हणतात आणि थंडीत ते फार चांगलं लागतं.

सासूबाईंना मात्र रसम सध्या नको. चिंच, टोमॅटो, मिरे ही तिन्ही आम्लपित्तावर त्रास वाढवू शकतात. त्यांचं वेगळं पुढं सांगते.

भाताकडं येऊ. लक्ष्मीपुरीत तांदूळ घ्यायला जाल तेव्हा बासमती मागू नका. मोकळा, फडफडीत भात या जेवणाला चालत नाही. दही-भात आणि पोंगलला इंद्रायणी उत्तम, कारण तो अंगचाच चिकट आणि मऊ. आजऱ्याचा घनसाळ घरात असेल तर तो दही-भातासाठी राखा. 2016 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला त्याच्या वासाची ओळख त्याआधीपासून आहे. रसमाखाली मी घनसाळ घालत नाही, हिंग-मिऱ्यापुढं त्याचा सुवास वाया जातो. रसमाला साधा कोलम चालतो, फक्त नेहमीपेक्षा पाऊण वाटी पाणी जास्त घाला. तांदूळ नवा आहे की जुना, हे दुकानदाराला जरूर विचारा. नवा तांदूळ कमी पाणी ओढतो आणि पटकन गोळा होतो.

दही-भाताला एक वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी, कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या. आपण लहान मुलांना गुरगुट्या भात देतो तसा व्हायला हवा. गरम असतानाच डावानं घोटा, मीठ घाला, मग अर्धा-पाऊण कप कोमट दूध. पूर्ण निवल्यावरच दही घालायचं, तेही भाताच्या मानानं कमी. गरम भातात दही फुटतं. आणि नुसतं दहीच घातलं तर दोन तासांत भात आंबट होऊन घट्ट बसतो. दुधामुळं तो दुपारपर्यंत मऊ राहतो, म्हणूनच प्रवासाच्या डब्यात तिकडं असाच करून देतात. आपल्याकडं म्हशीच्या दुधाचं दही सुरीनं कापावं असं लागतं. ते आधी थोडं पाणी घालून घुसळून घ्या. फोडणी एक चमचा तेलाची: मोहरी, अर्धा चमचा उडीदडाळ लालसर होईपर्यंत, किसलेलं आलं, एक हिरवी मिरची, कढीपत्ता, हिंग. वरून काकडीचे बारीक तुकडे किंवा डाळिंबाचे दाणे. तोंडी लावायला तमिळ घरांत ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या तळतात. तुमच्या डब्यात उन्हाळ्यातल्या सांडगी मिरच्या असतीलच, मोठ्या माणसांना त्यातली एकेक पुरे.

हा दही-भात सासूबाईंना चालेल, पण मिरची वगळून, दही ताजं आणि गोड असेल तरच. रात्री उशिरा देऊ नका. त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती मात्र तंबुळीला आहे. कर्नाटकातल्या मलनाड आणि दक्षिण कन्नड भागातला हा पदार्थ आपल्याकडं फारसा कुणी करत नाही, याचं मला वाईट वाटतं. करायला पाच मिनिटं लागतात. कुंडीत पानओवा असेल, पुष्कळ घरांत असतोच, तर त्याची सात-आठ जाड पानं घ्या. थेंबभर तुपात अर्धा चमचा जिरे आणि ती पानं मऊ होईपर्यंत परता. गार झाल्यावर तीन चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर गुळगुळीत वाटा, दोन वाट्या पातळ गोड ताकात मिसळा, मीठ घाला. झालं. गरम करायचं नाही, उकळायचं तर नाहीच. मऊ भातावर घ्या किंवा वाटीनं प्या. लक्ष्मीपूजनाचे नारळ घरात पडून असतील, त्यातला एक इथं सत्कारणी लागेल. पानओवा नसेल तर अर्धा चमचा मेथीदाणे तुपात तांबूस परतून वाटले तरी तंबुळी होते, जरा कडसर. ब्राह्मीच्या पानांचीही करतात.

मात्र ढेकरा, छातीतली जळजळ आठवड्यापेक्षा जास्त राहिली, शौचाला काळी झाली, किंवा छातीतलं दुखणं हाताकडं-जबड्याकडं जायला लागलं, तर स्वयंपाकघरातले उपाय बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडं जा.

रात्रीच्या जेवणाला वेण पोंगल करा. आपल्या मुगाच्या खिचडीची ही जवळची बहीण, पण मसाला नाही आणि हळदही नाही. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ. डाळ कोरडीच मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजायची, लाल करायची नाही. दोन्ही धुऊन, साडेचार ते पाच वाट्या पाणी, मीठ, किसलेलं आलं घालून कुकरमध्ये पार मऊ शिजवा. दीड-दोन चमचे तुपात अख्खे मिरे, जिरे, कढीपत्ता, हिंग आणि चार-सहा काजू तडतडवून वर ओता. हॉटेलात तुपाचा पाट वाहतो, तो इथं नको. मुलांना मिरे दाताखाली आलेले आवडत नाहीत, त्यांच्यासाठी जाड कुटून घाला. पोंगल थंड झालं की दगडासारखं घट्ट होतं, म्हणून वाढताना गरम पाणी घालून सैल करा. जोडीला नारळाची चटणी असतेच, पण दुधी किंवा पडवळाचं कूटू केलं तर ताट पुरं होतं. भाजी चिरून थोड्या मूगडाळीबरोबर शिजवायची, खोबरं-जिरं-एक हिरवी मिरची वाटून घालायची, खोबरेल तेलाची छोटी फोडणी. बास.

दोन दिवस भात-रसम झालं की घरातले पुरुष 'कढी कर' म्हणतील. त्याऐवजी माझ्या माहेरची मज्जिगे हुळी करा. कढीला बेसन लागतं, आणि बेसनाच्या लाडवांनंतर ते आणखी पोटात जायला नको. इथं दाटपणा नारळाचा आणि भिजवलेल्या हरभराडाळीचा. दोन चमचे डाळ तासभर भिजवून अर्धी वाटी खोबरं, जिरे, दोन हिरव्या मिरच्या, आल्याचा तुकडा आणि थोडी कोथिंबीर घालून गंधासारखं वाटा. कोहळ्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात शिजवा. खंडेनवमीला कोहळा आणला होता तशी मंडईत या दिवसांत त्याची फोडही मिळते. नाहीच मिळाला तर काकडी किंवा दुधी. शिजलेल्या फोडींत वाटण घालून पाच मिनिटं होऊ द्या, मग घुसळलेलं आंबट ताक ओता आणि सतत ढवळत राहा. वाफ धरून कडेला बुडबुडे दिसले की उतरवा. जास्त तापलं तर ताक फुटतं, मग दुरुस्त होत नाही.

आता मुलांचा डोसा. आंबवायची गरज नसलेले दोन डोसे आहेत. आंध्रातला पेसरट्टू: दीड वाटी अख्खे हिरवे मूग आणि मूठभर तांदूळ पाच-सहा तास भिजवायचे, आलं-मिरची-जिरे घालून वाटायचे, लगेच तव्यावर. बिडाचा तवा असेल तर अर्धा चमचा तेलात कुरकुरीत सुटतो. तिकडं पोटात उपमा भरून खातात, तो प्रकार सध्या राहू द्या. दुसरा मंगळूरकडच्या तुळुनाडूचा नीर डोसा: साधा तांदूळ रात्रभर भिजवून, थोडं खोबरं घालून अगदी ताकाएवढं पातळ वाटायचं, तापलेल्या तव्यावर ओतून झाकण ठेवायचं, उलटायचा नाही. प्रत्येक डोशाआधी पीठ तळापासून ढवळा, तांदूळ खाली बसतो. मधुमेह असलेल्या माणसाला भात आणि नीर डोशापेक्षा पेसरट्टू बरा, कारण त्यात मुगाचं प्रमाण जास्त. तुमच्या सासऱ्यांना साखरेचा त्रास असेल तर त्यांचं ताट त्याच्याभोवती रचा आणि फरसबी किंवा कोबीची पल्य भरपूर वाढा. मोहरी-उडीदडाळीच्या फोडणीवर वाफवलेली भाजी, वर खोबरं, एवढीच ती.

इडलीचा हट्ट राहिलाच तर करा, पण वेळ धरून करा. चेन्नईत आठ तासांत फुगणारं पीठ आपल्याकडं दिवाळीनंतरच्या गारठ्यात बारा-चौदा तास घेतं. तीन वाट्या इडलीचा तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, अर्धा चमचा मेथीदाणे. वाटताना पाणी कोमट घ्या, मीठ आधीच घालून हातानं मिसळा आणि पातेलं जाड चादरीत गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवा. सोडा घालून पीठ फुगवू नका. विकतचं तयार पीठ कधी कधी फार आंबट निघतं, या आठवड्यात तरी मी ते आणणार नाही.

सकाळच्या नाष्ट्याला सोपं म्हणजे चिवड्यातले उरलेले पातळ पोहे. कच्चे असतील तर धुऊन निथळा, दही-मीठ, वर दही-भाताचीच फोडणी. कर्नाटकात याला मोसरु अवलक्की म्हणतात आणि कृष्णाष्टमीलाही करतात. भाजके पोहे उरले असतील तर ते याला घेऊ नका, लगदा होतो. नाचणीचं पीठ असेल तर ताकातली पातळ आंबील करा, ती तर आपल्याकडं रेणुकेच्या आंबील यात्रेपासून सगळ्यांना ठाऊक आहे आणि सीमेपलीकडं उत्तर कर्नाटकातही तशीच पितात.

शेवटी दिवाळीच्या औषधाबद्दल. तमिळ घरांत नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं की फराळाआधी, रिकाम्या पोटी, एक लेह्य बोटावर देतात. दीपावली मरुंदु किंवा लेगियम. पुढच्या खाण्याची पोटाला आधीच तयारी. आता सण उरकला असला तरी जेवणानंतर हरभऱ्याएवढं घ्यायला हरकत नाही. दोन चमचे सुंठ, दोन चमचे ओवा, दोन चमचे धणे, एकेक चमचा मिरे आणि जिरे, चार-पाच पिंपळ्या. पिंपळी काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. सगळं कोरडं भाजून बारीक पूड करा, चाळा. पूडीच्या दुप्पट गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळा आणि आटवा. पाडव्याच्या मुहूर्तावर मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघालेले असतात, त्यातला बिनरसायनाचा काळपट गूळ मिळाला तर तोच घ्या. पाक चिकट झाला की पूड घालून ढवळा, दोन चमचे तूप आणि एक चमचा तिळाचं तेल थोडं थोडं मुरवत जा. गोळा कडेनं सुटला की उतरवा, गार झाल्यावर चमचाभर मध. काचेच्या बरणीत महिनाभर टिकतं, चमचा कोरडा हवा. हे उष्ण आहे, म्हणून गरोदर बाईला, अल्सर असलेल्याला आणि सध्या तुमच्या सासूबाईंना देऊ नका. त्यांना जेवणानंतर जिरे घालून उकळलेलं कोमट पाणी द्या.